परदेशात ढोल-ताशा पथक सुरू करताना

पहिल्या वर्षी दहा ढोल, दोन ताशे आणि झांजांच्या दोन जोड्या पुरे. मंडळाला वीस ढोलांची हौस असते, पण आधी ताशेवाले तयार करा. ढोलाचा ठेका महिन्याभरात बसतो, ताशाचा हात बसायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि ताशा घसरला की अख्खं पथक विस्कटतं.

ढोल भारतातून मागवणार असाल तर प्लास्टिकचं पान (ढोलाच्या तोंडावर ताणलेला पडदा) घ्या. कातडी पान ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तपासणीत अडकू शकतं. शिवाय दमट हवेत ते सैल पडतं, आवाज बसतो. चामड्याचा घुमारा वेगळाच, हे मान्य. सुटी पानं आणि टिपरू (ढोल वाजवायच्या काठ्या) जास्तीची मागवा.

सराव बंद हॉलमध्ये नको. आवाज घुमतो, ठेका ऐकू येत नाही, कानांचं नुकसान होतं ते वेगळं. इअरप्लग सगळ्यांना सक्तीचे, ताशेवाल्यांना तर हवेतच. मोकळ्या पार्किंगची लेखी परवानगी वेळेसकट घ्या. शेजाऱ्यांची तक्रार आली तर तोच कागद कामी येतो.

कमरेचा पट्टा रुंद हवा, दोरी काचते. मुलांना ढोल नको, लेझीम द्या.