आलिदा वाल्ली: ‘द थर्ड मॅन’नंतर काय?

कॅरोल रीडच्या ‘द थर्ड मॅन’ (१९४९) या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नुसतं ‘वाल्ली’ असं नाव असलेली ती नटी कोण आणि पुढे तिचं काय झालं, असं तुम्ही विचारलंय. ‘हॉलिवूडमध्ये चालली नाही आणि संपली’ असं तिच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात मान्य नाही.

आलिदा वाल्लीचा जन्म १९२१चा, पोला गावचा. तेव्हा ते इटलीत होतं, आज क्रोएशियात आहे. अमेरिकेत जाण्याआधीच ती इटलीत मोठी नायिका होती. ‘पिक्कोलो मोंदो आंतिको’ (१९४१) मध्ये तिने मूल गमावलेली आई केली, तीही ऐन विशीत! निर्माता सेल्झनिकने तिला हॉलिवूडला नेलं. त्याला दुसरी ग्रेटा गार्बो, म्हणजे तशीच गूढ युरोपीय तारका हवी होती, म्हणून पडद्यावर एकच नाव. १९४७ साली ती हिचकॉकच्या ‘द पॅराडाइन केस’मध्ये दिसली. चित्रपट पडला, पण त्यातला तिचा थंड, बंद चेहरा बघाच. दोन वर्षांनी ‘द थर्ड मॅन’च्या शेवटी व्हिएन्नाच्या दफनभूमीतल्या त्या लांबलचक रस्त्यावरून कॅरोल रीडने तिला चालवलं, तेव्हा तोच चेहरा कामी आला.

खरी वाल्ली मात्र इटलीत परतल्यावर सापडते. विस्कोंतीचा ‘सेन्सो’ (१९५४): १८६६ सालचं ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं व्हेनिस, शत्रूच्या लेफ्टनंटवर भाळलेली काउंटेस लिव्हिया. क्रांतिकारकांसाठी जपून ठेवलेले पैसे ती त्याच्या हवाली करते, तो प्रसंग नीट पाहा. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळतंय, लाज वाटतेय, तरी हात थांबत नाही. प्रेक्षकाची सहानुभूती मिळवायचा जराही प्रयत्न ती करत नाही. इतकी निर्भय भूमिका त्या काळातल्या फार थोड्या नायिकांनी केली असेल.

त्याच सुमारास रोममधल्या गाजलेल्या मोंतेसी प्रकरणात (विल्मा मोंतेसी या तरुणीचा संशयास्पद मृत्यू) तिच्या मित्राचं नाव आलं, तीही वर्तमानपत्रांच्या तडाख्यात सापडली. तरी काम चालूच राहिलं: अंतोनिओनीचा ‘इल ग्रिदो’ (१९५७), फ्रांजूच्या ‘आइज विदाउट अ फेस’मध्ये (१९६०) मुलींना फसवून आणणारी सहायिका, बेर्तोलुच्चीचा ‘द स्पायडर्स स्ट्रॅटेजम’ (१९७०), आणि ‘सस्पिरिया’तली (१९७७) करारी नृत्यशिक्षिका. १९९७ साली व्हेनिस महोत्सवाने तिला जीवनगौरव दिला. २००६ मध्ये ती गेली.

आधी ‘सेन्सो’च बघा, आणि संपूर्ण इटालियन प्रतच मिळवा. इंग्रजीत कापून काढलेल्या आवृत्तीने तिच्या भूमिकेवर अन्याय केलाय. मग ‘इल ग्रिदो’. भयपट रात्री एकट्याने बघवत असतील तर फ्रांजूचा ‘आइज विदाउट अ फेस’ त्यानंतर लगेच.