माहिती पुरेशी आहे, हे कसे ठरवावे?

प्रश्न : स्पर्धा परीक्षांतील अंकगणितात एका प्रश्नाखाली दोन विधाने देऊन, उत्तरासाठी त्यांपैकी कोणते पुरेसे आहे, असे विचारतात. जितक्या अज्ञात संख्या तितकी समीकरणे हवीत, या नियमाने मी निर्णय घेतो. तरीही पुष्कळदा चुकतो. असे का होते?

उत्तर : आपला नियम कामचलाऊ आहे. माहिती पुरेशी असणे म्हणजे विचारलेल्या गोष्टीचे एकच उत्तर निघणे. समीकरणांची संख्या त्याचा फार तर अंदाज देते. समजा, वर्गात काही बाके तीन जणांची व काही पाच जणांची असून, सर्व बाके पूर्ण भरल्यावर १९ विद्यार्थी बसतात. अज्ञात दोन आणि समीकरण एकच. पण बाकांची संख्या पूर्णांकच असणार, त्यामुळे तीन जणांची ३ आणि पाच जणांची २ बाके याखेरीज दुसरी शक्यता उरत नाही. विद्यार्थी २३ केले, तर मात्र ६ व १ किंवा १ व ४ अशा दोन मांडण्या जमतात आणि तीच माहिती अपुरी ठरते. उलट, दोन संख्यांची बेरीज १२ आणि त्यांची सरासरी ६, ही विधाने दिसायला दोन असली तरी सांगतात एकच गोष्ट.

म्हणून दिलेल्या सर्व अटी पाळणारी, पण वेगवेगळी उत्तरे देणारी दोन उदाहरणे मुद्दाम शोधावीत. आयताची परिमिती २४ असेल, तर बाजू ७ व ५ घेतल्यास क्षेत्रफळ ३५ येते आणि ८ व ४ घेतल्यास ३२. विषय तिथेच संपला. अशी जोडी सापडली नाही, एवढ्यावरून मात्र माहिती पुरेशी ठरत नाही. दुसरे उत्तर का संभवत नाही, हे दाखवावे लागते.

शाळेतील उदाहरणे बहुधा सुटणारीच असल्याने ही शंका घेण्याची सवय आपल्याला लागत नाही. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे लहान मुलांना विचारले होते, की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्याच आकड्यांवरून वय काढून दिले.

‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर अपेक्षित असलेल्या प्रश्नांत आणखी एक खुबी असते. क्षचा वर्ग ४९ आहे, तर क्ष १० पेक्षा मोठा आहे का? क्ष ७ आहे की उणे ७, हे कळत नाही. पण दोन्ही वेळा उत्तर ‘नाही’ असेच येते, म्हणून माहिती पुरेशी आहे. ठाम नकाराला अनेक परीक्षार्थी अपुरेपणा समजतात. शिवाय दुसरे विधान तपासताना पहिले नकळत गृहीत धरले जाते; ते कागदाने झाकून ठेवावे आणि दोन्ही विधाने स्वतंत्रपणे अपुरी ठरल्यावरच एकत्र वाचावीत.