पुण्यात राहून माउंटन बाइकसाठी जवळपास कुठे जावं?

कोथरूड, पाषाण किंवा सेनापती बापट रस्त्याच्या आसपास राहत असाल तर लांब जाऊच नका, आधी वेताळ टेकडी. शहर साधारण ५६० मीटरवर आणि टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे चढ चांगलाच दमवतो. वर पोहोचलात की मोकळं पठार, जुनी दगडखाण आणि चारी बाजूंना फुटणाऱ्या पायवाटा. नवशिक्याने पहिले काही रविवार पठारावरच काढावेत.

खरी परीक्षा उतारावर होते. सुटा मुरूम आणि बारीक खडी, त्यामुळे पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक सरकलंच. दोन्ही ब्रेक हलके वापरा, वजन मागे ठेवा, टायरमधली हवा रस्त्यावरच्यापेक्षा थोडी कमी. काटे भरपूर आहेत. जादा ट्यूब आणि पंप घेतल्याशिवाय निघू नका.

पहाटे टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यात आजी-आजोबा बरेच. वाट त्यांची आधी. वळणावर घंटी वाजवा, गरज पडली तर उतरून चाला. आणि गवतातून नवी वाट पाडू नका, पावसात तिथलीच माती वाहून जाते.

हात बसला की बोपदेव घाट. कोंढव्याहून चढायचं, वर कानिफनाथाच्या देवळाच्या बाजूला माळरान आहे. हे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. भर पावसात चिखल चाकाला असा चिकटतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.