पाचवा-सहावा घोडा घ्यावा का?

माथेरानहून एका अश्वपालांचा प्रश्न आला आहे. तबेल्यात चार परवानाधारक घोडे आहेत. आणखी दोन घ्यायचे आहेत, एकेक १ लाख २० हजारांचा. त्यासाठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज काढायचं. "नाहीतर मुलीच्या नर्सिंगसाठी ठेवलेली एफडी मोडू का?" असंही त्यांनी विचारलं आहे.

दादा, तुमचा हिशेब वाचला. एक घोडा वर्षात १६० दिवस चालतो आणि दिवसाला सरासरी १,५०० रुपये आणतो. एक तृतीयांश मोतद्दाराचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचा, रोज ३०० रुपयांची चंदी आणि चारा, वर्षाला वीसेक हजार नाल-औषधाचे. म्हणजे घोड्यामागे तीसेक हजार उरतात. दोघांचे ६१ हजार. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याला ८,२०० च्या आसपास, वर्षाला ९८ हजारांवर. इथेच तूट आहे.

पण माझी खरी शंका त्या १६० दिवसांवर आहे. ती तुमच्या चार घोड्यांची सरासरी आहे. मंगळवारी-बुधवारी दस्तुरी नाक्यावर, जिथे पर्यटकांच्या मोटारी थांबतात तिथे, त्यातलेच दोन पाळीची वाट बघत उभे असतात, असं तुम्हीच लिहिलंय. मग पाचव्याला त्या दिवशी भाडं कुठून मिळणार? तो चालणार शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. फार तर ११० दिवस. मोतद्दाराचा वाटा देऊन १ लाख १० हजार हातात येतील आणि चारा-चंदीचेच १ लाख ९ हजार ५०० होतात. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद, पॉइंट धुक्यात, पण घोडा रोज खातोच. मुद्रातून स्वस्त कर्ज मिळालं तरी हे गणित सुटत नाही.

त्यात ई-रिक्षा. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. नाक्यापासून हॉटेलपर्यंतचं भाडं त्यामुळे कमी होत जाईल, असं धरून चाला. शार्लोट लेक, लुईझा पॉइंटची फेरी घोड्यांकडे बरीच टिकेल असं मला वाटतं. म्हणून उद्यापासून वहीत दोन रकाने करा, नाक्याचं भाडं वेगळं आणि पॉइंटचं वेगळं. निम्म्याहून जास्त कमाई नाक्याची निघाली, तर आहेत ते चार घोडेसुद्धा जास्तच आहेत.

एफडीला हात लावायचा नाही. यावर चर्चा नको.

हातात शिल्लक पडेल ती आधी पावसाळ्याच्या चाऱ्यासाठी. चार घोडे, १२० दिवस, १ लाख ४४ हजार. आज हा माल तुम्ही उधारीवर उचलता आणि व्यापारी भावात काय लावतो ते तुम्ही कधी विचारलेलं नाही. रोख देऊन भाव पाडून बघा. मग विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्यांचाही विमा उतरतो आणि २०२४ पासून पशुपालकाने हप्त्याच्या १५ टक्केच भरायचे आहेत. कर्जतच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. पोटशूळाने एका रात्रीत घोडा जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. सतरा वर्षांच्या घोडीच्या जागी दुसरी लागेल, त्यासाठी महिन्याला ३ हजारांचं आवर्ती खातं काढा.

गर्दीच्या दिवशी गिऱ्हाईक परत जातं ही तुमची हळहळ खरी आहे. त्या दिवसांपुरता शेजाऱ्याचा परवाना असलेला घोडा वाट्याने घ्या. मे संपला की वहीची पानं पाठवा. वाटा देऊनही बऱ्यापैकी उरत असेल, तर एका घोड्याबद्दल बोलू.