रुग्ण न तपासणारा डॉक्टर आयुष्यभर करतो तरी काय?

तुमचा प्रश्न असा, की डॉक्टर झाल्यावर सार्वजनिक आरोग्याकडे वळलं तर 'खरी' डॉक्टरकी सुटते का. मी याच विषयातला, त्यामुळे हा टोमणा ओळखीचा आहे. व्याख्या सांगत बसण्यापेक्षा विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरांची कारकीर्द सांगतो.

डिसेंबर १९६६. फेगी तिशीचे, पूर्व नायजेरियात मिशनचे डॉक्टर. एका गावात देवीची साथ आल्याचा निरोप मिळाला. त्या काळची रीत म्हणजे सरसकट सगळ्यांना देवी टोचायच्या, पण तेवढी लस हाताशी नव्हती. मग त्यांनी हौशी रेडिओवरून आसपासच्या मिशनऱ्यांना गाठलं आणि गावोगाव माणसं पाठवून रुग्ण शोधायला सांगितलं. होती तेवढी लस रुग्णांच्या भोवतालच्या लोकांना आणि रोग पुढे जिथे जाण्याची शक्यता होती तिथल्या लोकांना दिली. साथ थांबली.

हे जमलं ते देवीच्या स्वभावामुळे. हा रोग फक्त माणसाला होतो, पुरळ लपत नाही आणि लक्षणं दिसण्याआधी तो सहसा पसरत नाही. शिवाय संसर्गानंतर तीन-चार दिवसांत लस दिली तरी बहुतेकदा बचाव होतो. कोविडला यातलं फारसं काही लागू नव्हतं, म्हणून तिथे नुसतं रुग्णाभोवती कडं करून भागलं नाही. रोग कसा पसरतो हे आधी ओळखायचं आणि त्यावरून लस कुठे वापरायची ते ठरवायचं, हीच आमची डॉक्टरकी.

पुढे फेगी देवी निर्मूलनाच्या मोहिमेसाठी भारतात आले. इथेही रुग्ण शोधून त्यांच्याभोवती लस देण्याचीच पद्धत चालू होती. १९७४ मध्ये बिहारात साथ इतकी भडकली की आरोग्यमंत्री पुन्हा सरसकट लसीकरणाकडे वळायला निघाले होते. तेव्हा बैठकीत एक स्थानिक डॉक्टर उठून म्हणाले, आमच्या गावात एका घराला आग लागली तर पाणी त्याच घरावर ओततात, सगळ्या घरांवर नाही. फेगींनीच सांगितलेला हा किस्सा. मंत्र्यांनी या पद्धतीला महिन्याभराची मुदत दिली. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण सापडला.

पाठ्यपुस्तकात ही गोष्ट फार गुळगुळीत होऊन येते. देवी झालेल्या मुलाचं चित्र दाखवत घरोघर फिरणारे हजारो कर्मचारी तिथे एका ओळीत संपतात, आणि शेवटी शेवटी काही ठिकाणी लोकांना धरून, जबरदस्तीने टोचलं गेलं, ते तर बहुधा येतच नाही.

नंतर १९७७ ते १९८३ फेगी अमेरिकेच्या सीडीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे, संचालक होते, मग जगभरच्या बालकांच्या लसीकरणाचं काम. दवाखाना असा कुठेच नाही.

तेव्हा स्टेथोस्कोप सुटतो का? बहुतेकांचा सुटतो. त्याची हळहळ वाटणार असेल तर क्लिनिकल, म्हणजे रुग्ण तपासण्याची, शाखाच घ्या. नाहीतर निर्णय घेण्याआधी एखाद्या सर्वेक्षणात उन्हातान्हात घरोघर फिरून बघा. दार तोंडावर बंद झाल्यावर पुढचं दार वाजवता आलं, तर बाकीचं शिकता येतं.