चढणीला चालती पिकअप बंद पडते: पंप उतरवण्याआधी काटा बघा

भाऊ, तुमची तक्रार अशी: बीएस-४ कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी) डिझेल पिकअप, सावद्याहून केळी भरून नाशिककडे निघाली की धुळ्यापुढे लळिंग घाटात चालता चालता बंद. वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की पहिल्या सेल्फला चालू. डिझेल फिल्टर नवा टाकून झाला, आता मिस्त्री डिझेलचा हाय प्रेशर पंप उतरवायचा म्हणतो. थांबवा त्याला. पंप खराब असता तर गरम गाडी चालू व्हायला सेल्फ लांब मारावा लागला असता, भरल्या गाडीत ओढ कमी झाली असती. तुम्ही यातलं काहीच सांगितलेलं नाही.

गाडी कशी बंद पडली हे आधी कळायला हवं. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच क्लच दाबू नका. दोन सेकंद आरपीएमचा काटा बघा. गाडी गिअरमध्ये असताना चाकं इंजिन फिरवत असतात, म्हणून काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवा. गाडी सरकतेय आणि काटा एकदम शून्यावर, तर क्रँक सेन्सरचा (इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल गेला. दोन-चार गचके देऊन, ओढ मरत काटा उतरला, तर डिझेल पोचत नाही. मीटरचे सगळेच दिवे गेले, तर करंट तुटतोय: बॅटरीची थिंबल (टोकावरची पकड), अर्थिंग, इग्निशन स्विच, मेन रिले.

हे करताना एक ध्यानात ठेवा. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. गाडी सरकत असताना चावी पूर्ण बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. आतली बारीक तार गरम झाली की तुटते, थंड झाली की जुळते. मे महिन्यात पारा ४५ वर, त्यात भरल्या गाडीची चढण. सेन्सरला थंड व्हायला तेवढीच वीस-पंचवीस मिनिटं लागणार. बंद पडल्या पडल्या सेन्सरवर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत चालू झाली तर चोर सापडला म्हणा. दोन पिनचा इंडक्टिव्ह सेन्सर असेल तर कपलर काढून मल्टिमीटरने ओहम मोजा. बहुतेक वेळा काहीशे ते हजारच्या आसपास मिळतात, पण नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. गाडी बंद पडलेली, गरम असतानाच मोजायचं. थंड गाडीवर तो सेन्सर हमखास चांगला दाखवतो आणि सगळे फसतात. तीन पिनचा हॉल सेन्सर ओहमवर तपासता येत नाही, त्याला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३३५ किंवा पी०३३६ हा क्रँक सेन्सरचा कोड आला, तरी नवा सेन्सर घेण्याआधी कपलरच्या पिना आणि सायलेन्सरजवळून जाणारी वायर बघा. वायर भाजून अर्धवट तुटलेली असली तर नवा सेन्सरही तसाच वागेल.

करंटची बाजू दहा मिनिटांत उरकते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या बॉडीपर्यंत व्होल्ट मोजा, ०.२ च्या वर गेले तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. मेन रिले तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून बघा.

काटा हळूहळू उतरत असेल तर मात्र टाकीकडे वळा. बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर ब्रीदर (टाकीत हवा घेणारं भोक) चोंदलाय. शेतावर ड्रममधून डिझेल भरत असाल तर तळाच्या जाळीत कचरा असणारच. ओढीला तो जाळीवर चिकटतो, उभी केली की खाली बसतो. वीस मिनिटांनी चालू होण्याचं हेही कारण असू शकतं, म्हणूनच काटा बघायला सांगतोय. फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या, पाणी असेल तर तळाशी बसेल. फिल्टर ते पंप पाइपच्या जागी तात्पुरता पारदर्शक पाइप लावा. बुडबुडे दिसले तर क्लिपपाशी कुठेतरी एअर घेतेय. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसलेल्या गाडीवर उत्तम चाचणी म्हणजे ओढणारा आणि रिटर्न, दोन्ही पाइप १० लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये सोडून गाडी चालवणं. कॅन सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा. कॅनवर चालली तर दोष टाकी ते फिल्टर यातच.

एअर फिल्टर आणि टर्बोच्या नादी लागू नका. त्यांनी धूर होतो, ओढ जाते, पण इंजिन असं झटक्यात मरत नाही.

हे सगळं ठीक निघून स्कॅनरवर पी००८७ (रेलमध्ये प्रेशर कमी) आला तरच हाय प्रेशरच्या बाजूला जा. तिथेही आधी लीक-ऑफ, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल मोजा: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारखी बाटली लावून दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला, पंप नव्हे. चालू इंजिनवर रेलचे लोखंडी पाइप कुणालाही ढिले करू देऊ नका, तिथलं डिझेल कातडी फोडून आत घुसतं. पंप शेवटी उतरवायचाच ठरला तर काढलेला जुना डिझेल फिल्टर आधी फाडून बघा. कागदात चमकणारा धातूचा चुरा दिसला तर नुसता पंप बदलून भागणार नाही. टाकी, पाइप, रेल सगळं धुवावं लागेल, इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावावे लागतील, नाहीतर तोच चुरा नवं काम पुन्हा बिघडवेल.