‘ॲप’ की ‘ऍप’? चंद्र नेमका कुणाच्या डोक्यावर

प्रश्न असा: ‘ॲप’ लिहावं की ‘ऍप’? आणि आपली ‘बँक’ हिंदीत गेली की ‘बैंक’ का होते?

मराठीपुरतं उत्तर सरळ आहे, ‘ॲप’. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ हे दोन्ही स्वर आहेत. बाराखडीत कॅ आणि कॉ धरून तिला चौदाखडी म्हणायचं, ते यांच्याचमुळे.

मग ऍ आला कुठून? संगणकातून. युनिकोडच्या (संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या) देवनागरीत ऍ पहिल्यापासून होता. ॲ मात्र २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. तोवर कुणी ऍ वापरून वेळ मारून नेली, कुणी अ टंकून त्यावर सुटा चंद्र चढवला. हा दुसरा प्रकार दिसायला हुबेहूब ॲसारखा, पण संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हं. म्हणून जुन्या मजकुरात ‘ॲप’ शोधलं तर डोळ्यांसमोर असलेला शब्दही सापडत नाही, असं होतं.

गुजरातीत हा घोळच नाही. तिथला ए मुळात अ वर मात्रा देऊनच लिहितात (सावरकरी लिपीतला ‘अे’ आठवा), त्यामुळे चंद्र अ ला द्या नाहीतर ए ला, अक्षर एकच. गंमत म्हणजे ॲ, ऑ हे उघडे (तोंड जास्त उघडून काढायचे) स्वर गुजरातीचे स्वतःचे आहेत. आपल्या ओ सारखा ओ काढून ‘गोळ’ म्हटलं तर वाटोळं, ‘गॉळ’ म्हटलं तर गूळ. रोजच्या लिहिण्यात मात्र दोन्ही ‘गोळ’च, चंद्र दिसतो तो मुख्यतः इंग्रजी शब्दांवर.

हिंदीचं गणित वेगळं. ‘पैसा’ हा शब्द हिंदीभाषकाच्या तोंडून ऐका: ऐ चा उच्चार एकच, उघडा स्वर. आपण ‘पइसा’च्या जवळ जातो. त्यामुळे हिंदीला ‘बैट’ चालून जातं, आपण ते ‘बइट’ वाचू. आपल्याला ॅ लागतो तो एवढ्यासाठी. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ लिहिताना मात्र औ हाताशी असूनही हिंदीने चंद्रच घेतला. लिपीकडून इतक्या सुसंगतीची अपेक्षा करू नये! नेपाळीने तिसरीच वाट धरली आणि ‘ब्याङ्क’ केलं.

राहिली ‘बँक’. तिच्या ब वर जे दिसतं ते आपण चंद्र अधिक अनुस्वार असं वाचतो. हिंदीत तीच आकृती म्हणजे चंद्रबिंदू, ‘चाँद’ आणि ‘हँसना’मधला, स्वर नाकातून काढायची खूण. तिथे ॅ चा संबंधच नाही. त्यामुळे नुसती हिंदी येणारा माणूस मराठी पाटीवरची ‘बँक’ ‘हँस’च्या चालीवर वाचतो, आणि ‘सँडविच’चंही तेच करतो.